तो शांत झालाय, पण माझ्यापासून लांब गेलाय

प्रश्न : ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नवरा एका दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आला आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसतो. सुरुवातीला मला बरंच वाटलं, कारण त्याचा राग खरंच कमी झाला, आधी बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढायचा तो आता चढत नाही. पण आता मी रडले तरी त्याला काही होत नाही. मागच्या महिन्यात माझ्या आईचं ऑपरेशन होतं, मी पार घाबरून गेले होते, तर म्हणाला "सगळं अनित्य आहे, तू इतकं धरून बसू नकोस." मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. भांडायचा तेव्हा निदान समोर तरी असायचा. काही बोलायला गेले की म्हणतो तूही साधना कर मग कळेल. माझंच चुकतंय का?

उत्तर : नाही हो, तुमचं चुकत नाहीये, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. ज्या परंपरेतून ही ध्यानं आली त्या परंपरेनेच तुमची बाजू फार पूर्वी मांडून ठेवली आहे.

पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी विशुद्धिमग्ग हा ध्यानावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मैत्री, करुणा, मुदिता (म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद) आणि उपेक्षा या चार भावना कशा वाढवायच्या ते सांगितलंय आणि प्रत्येकीचे दोन शत्रू सांगितलेत, एक लांबचा आणि एक जवळचा. लांबचा शत्रू ओळखायला सोपा, मैत्रीचा लांबचा शत्रू द्वेष, तो कुणालाही दिसतो. जवळचा शत्रू मात्र दिसायला त्या भावनेसारखाच असतो म्हणून माणूस फसतो. उपेक्षा म्हणजे मनाचा समतोल, आणि तिचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेला कोरडेपणा, कशाचंच काही न वाटणं. दोन्हीत माणूस बाहेरून शांतच दिसतो, फरक फक्त शेजारी राहणाऱ्याला कळतो, म्हणजे तुम्हाला. (आपल्या मराठीत उपेक्षा या शब्दाचा अर्थच दुर्लक्ष असा होऊन बसलाय, हे मला नेहमी लक्षात घेण्यासारखं वाटतं. हा घसरडा रस्ता आपल्या भाषेलाही माहीत असावा.)

आता पतंजलींचं बघा. योगसूत्रातल्या पहिल्या पादात 33 वं सूत्र आहे, त्यात याच चार भावना आहेत पण कुठे कुठली वापरायची तेही सांगितलंय. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी मुदिता आणि उपेक्षा फक्त वाईट वागणाऱ्यासाठी. म्हणजे आईच्या ऑपरेशनच्या काळजीने रडणाऱ्या बायकोसाठी उपेक्षा कुठेच सांगितलेली नाही, तिथे करुणाच सांगितली आहे. तुमचे मिस्टर औषध बरोबर घेतायत पण भलत्याच दुखण्यावर.

जॉन वेलवुड नावाचे एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, स्वतः बौद्ध साधक होते. त्यांनी 1980च्या दशकात यासाठी एक शब्द आणला, स्पिरिच्युअल बायपासिंग. म्हणजे मनातल्या अवघड, न सुटलेल्या गोष्टींना अध्यात्माच्या आधाराने बगल देणं. हे त्यांनी आपल्याच आजूबाजूच्या मनापासून साधना करणाऱ्या माणसांमध्ये पाहिलं होतं, म्हणून ते मला जास्त खरं वाटतं.

पण मिस्टरांवर रागावण्याआधी एक विचार करा. ज्या माणसाला आपल्या रागाची भीती वाटत होती, त्याला पहिल्यांदाच काहीतरी सापडलंय ज्याने तो राग आवरतो. आता त्याला आतून भीती असू शकते की मी थोडं जरी काही वाटू दिलं, तुझ्या रडण्याने जरी हललो, तरी ते जुनं सगळं परत येईल. मग तो सगळ्यावरच एक झाकण ठेवतो, रागावरही आणि मायेवरही. मी त्यांना ओळखत नाही, पण हे मी बऱ्याच साधकांमध्ये पाहिलंय आणि माझ्यातही पाहिलंय. माझे सासरे गेले त्या रात्री नवरा खुर्चीत बसून होता आणि मी त्याच्या शेजारी बसून स्वतःचा श्वास बघत राहिले, मला वाटलं मी किती स्थिर आहे, त्याला आधार देतेय. नंतर कितीतरी महिन्यांनी तो म्हणाला की तू तेव्हा फक्त हात धरायला हवा होतास. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तर त्यांना साधना सोडायला सांगू नका, साधनेवर वादही घालू नका. नेमकं एकच सांगा, शांत वेळ बघून, की "आईच्या वेळी तू अनित्य म्हणालास तेव्हा मला एकटं वाटलं, मला सल्ला नको होता, तू दहा मिनिटं हात धरून बसायला हवा होतास." आणि एक विचारा, की मी रडते तेव्हा तुझ्या छातीत, पोटात नक्की काय होतं? रोज दोन तास शरीरातल्या संवेदना बघणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका नाही. डोळे मिटून गुडघ्याची कळ बघता येते तर समोर रडणाऱ्या बायकोकडे बघताना गळ्यात काय अडकतं तेही बघता येईल, ती त्याच साधनेची पुढची पायरी आहे. हे उत्तर त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल.

प्रश्न : मी 34 वर्षांचा. बायकोशी भांडण नाही, कुरबुर नाही, दोघं आपापल्या कामात असतो आणि घर नीट चाललंय, पण आम्ही रूममेट झालोय असं वाटतं. एका ठिकाणी वाचलं की रोज मैत्री-ध्यान करून पार्टनरला शुभेच्छा द्यायच्या, "ती सुखी असो" असं म्हणायचं. महिनाभर करतोय. खरं सांगतो, पाच मिनिटांतच ती मला काय काय बोलली नाही, कधी विचारलं नाही, तेच आठवायला लागतं आणि ध्यानातून उठतो तो जास्त वैतागलेला. माझं मनच खराब आहे का?

उत्तर : मन खराब नाही, सुरुवात चुकीच्या माणसापासून झाली आहे, म्हणजे सगळ्यात अवघड माणसापासून. वर सांगितलेल्या विशुद्धिमग्गात एका माणसाची गोष्ट आहे. त्याने एका थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंना विचारलं की मैत्री-ध्यान कुणाला डोळ्यासमोर ठेवून करावं, ते म्हणाले जे माणूस प्रिय आहे त्याला. याचं बायकोवर फार प्रेम, म्हणून त्याने तिला डोळ्यासमोर ठेवून ध्यान सुरू केलं आणि तिच्या ओढीने रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला. दीड हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! म्हणून तिथे सांगतात की आधी स्वतःपासून सुरू करा, मग ज्यांच्याविषयी सहज आदर आहे असं कुणी, मग मित्र, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा माणूस, आणि मग ज्याच्याशी पटत नाही तो.

का, तर मैत्रीचा जवळचा शत्रू म्हणजे आसक्ती. "ती सुखी असो" असं आपण तोंडाने म्हणतो आणि त्याच्या खाली बारीक आवाजात चालू असतं की ती सुखी असो म्हणजे ती माझ्याकडे बघेल, मला विचारेल. ही गरज वाईट नाही, अगदी माणसाची गरज आहे. पण ती शुभेच्छेच्या खाली लपून बसली की वैताग येतो, कारण शुभेच्छा देऊन झाली तरी समोरून काही आलेलं नसतं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघालेत आणि जाताना बायकोला, मैत्रेयीला सांगतात की नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, बायको बायकोसाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी प्रिय असते. काही लोक याचा अर्थ सगळे स्वार्थीच असतात असा काढतात, मला तो पटत नाही. मी ते असं वाचते की जे तू तिच्यात शोधतोयस त्याचा पत्ता आधी आत आहे, तिथे जाऊन आल्याशिवाय तिच्याकडे गेलास तर तू कायम मागणाराच राहशील.

आता करायचं काय. महिनाभर बायकोला बाजूला ठेवा, ध्यानात फक्त, घरात नाही. रोज पंधरा मिनिटं बसा. पहिली पाच मिनिटं श्वास हळू करा, मिनिटाला साधारण सहा, म्हणजे पाच सेकंद आत पाच सेकंद बाहेर, या वेगाला हृदयाची लय श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागते आणि शरीर निवांत होतं. मग स्वतःला विचारा की आज दिवसात मी कुठल्या क्षणी लपलो? उत्तर बहुतेक फार साधं येईल. ती म्हणाली "काय झालं?" आणि मी म्हणालो "काही नाही".

त्या "काही नाही"च्या खाली जा, ही खरी साधना आहे. तेव्हा घशात आवंढा होता का, ऑफिसात अपमान झाला होता तो सांगायची लाज वाटली का, की ती हसेल असं वाटलं. जे असेल त्याच्याबरोबर चार-पाच श्वास थांबा, त्याला सोडवायला जाऊ नका, समजावायला जाऊ नका. आठ-दहा दिवसांत तुम्हाला तो क्षण ध्यानात नाही, तर घडतानाच दिसायला लागेल. ती विचारेल, तुमच्या तोंडात "काही नाही" येईल, आणि तुम्हाला कळेल की आत्ता मी दार लावतोय. तेव्हा एक वाक्य खरं बोला. "झालंय काहीतरी, पण आत्ता शब्द सापडत नाहीयेत" एवढं बोललात तरी पुष्कळ.

आणि दुसरी बाजू, ती काय बोलते ते ऐका. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांना रोजच्या बोलण्याचालण्यात पाहिलं आणि सहा वर्षांनी परत गाठलं. एकमेकांचं लक्ष वेधायच्या ज्या बारीक हाका असतात ना, "हे बघ", "आज काय झालं माहितेय", नुसता एक सुस्कारासुद्धा, त्यांना जी जोडपी अजून एकत्र होती त्यांनी 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, जी वेगळी झाली त्यांनी 33 टक्के. मला यात सगळ्यात जास्त काय भावलं तर त्या हाका किती क्षुल्लक दिसतात. तुम्ही म्हणता ती विचारत नाही, पण ती खिडकीतून बाहेर बघत "किती आभाळ भरून आलंय" म्हणाली असेल आणि तुम्ही फोनमधून मान वर केली नसेल, असं झालंय का ते आठवून बघा. ध्यानाने लक्ष तयार होतं, ते लक्ष इथे खर्च करायचं असतं. एक महिना झाला की मैत्री-ध्यानात तिला परत बोलवा, भिंत राहील पण झुंजावं लागणार नाही.

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे. मी नामस्मरण आणि ध्यान करते, माझा पार्टनर यातलं काहीच मानत नाही. शिवाय सत्संगातले लोक म्हणतात अध्यात्मात पुढे जायचं तर माणसाची ओढ सोडावीच लागते. दोन्हीकडून ताण येतो.

उत्तर : ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाची सुरुवातच एका जोडप्याला वंदन करून केली आहे, शिव आणि शक्ती. दोन ओठ पण बोल एक, दोन डोळे पण दृष्टी एक, असं ते त्यांचं वर्णन करतात. ज्याने संन्यस्त वडिलांच्या संसारामुळे इतकं सोसलं त्याला शेवटचं सत्य सांगायला जोडप्याचीच उपमा घ्यावीशी वाटली, हे सत्संगातल्या लोकांना सांग हवं तर. संन्यास हा एक मार्ग आहे, ज्याला बोलावणं येतं त्याने जावं, पण तो सगळ्यांवर लादायचा नियम नाही.

आणि त्याने मानायची गरज नाही गं. त्याला पुस्तकं पाठवू नकोस, व्हिडिओ पाठवू नकोस, "तुला ध्यानाची गरज आहे" हे भांडणात तर कधीच म्हणू नकोस. तू जपाला बसून उठल्यावर त्याच्याशी जशी बोलतेस तेवढंच त्याला तुझ्या साधनेतलं दिसणार आहे.

प्रश्न : विषय थोडा नाजूक आहे म्हणून नाव देत नाही. आमच्यात शरीरसंबंध आहेत पण त्या वेळी माझं मन भलतीकडेच असतं, उद्याची कामं, मी कशी दिसतेय, संपणार कधी. पार्टनर चांगला आहे, घाई करत नाही. एक मैत्रीण म्हणते तंत्राचं वर्कशॉप करा दोघांनी. खरंच उपयोग होतो?

उत्तर : आधी तंत्राबद्दल. विज्ञानभैरव या तंत्राच्या जुन्या ग्रंथात देवी प्रश्न विचारते आणि भैरव, म्हणजे शिव, 112 धारणा, म्हणजे मन एकाग्र करायच्या रीती सांगतो. त्यातल्या मोजक्याच मिलनाशी संबंधित आहेत, बाकी सगळ्या श्वास, नाद, मोकळं आकाश, दोन श्वासांमधली पोकळी अशा आहेत. म्हणजे हे मुळात लक्षाचं शास्त्र आहे. तंत्र म्हणजे सेक्स असं सांगून जे विकलं जातं त्याच्याशी फार जपून. जिथे अनोळखी माणसाने स्पर्श करायचा असतो, "नाही" म्हटलं की तुमचा अहंकार आड येतोय असं ऐकवतात किंवा गुप्तता पाळायची शपथ घ्यायला लावतात तिथून उठून सरळ बाहेर या.

तुमच्या अडचणीवर घरच्या घरी करता येण्यासारखं आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1970 मध्ये एक पद्धत मांडली, आजही सेक्स थेरपिस्ट ती वापरतात. काही आठवडे संभोग करायचाच नाही असं दोघांनी आधी ठरवायचं. मग एकाने स्पर्श करायचा, पाठ, हात, केस, चेहरा, आणि दुसऱ्याने फक्त जाणवून घ्यायचं, बोटं गरम आहेत की गार, दाब किती आहे, त्वचेला कुठे कळतं कुठे नाही. मग अदलाबदल. उत्तेजना आली पाहिजे असं काही नाही, छान वाटलं पाहिजे असंही नाही. मन उद्याच्या कामांकडे गेलं की ध्यानात श्वासाकडे आणतो तसं त्या हाताकडे आणायचं, शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ लोरी ब्रोटो यांनी इच्छा कमी झालेल्या बायकांसाठी माइंडफुलनेस वापरून बरंच काम केलंय, तिथेही गाभा हाच आहे.

पुढे काही होणार नाही हे पक्कं असलं की शरीराची धास्ती जाते, बऱ्याच जणींना या टप्प्यावर अचानक रडू येतं. आलं तर येऊ द्या आणि पार्टनरला आधीच सांगून ठेवा की मी रडले तर घाबरू नकोस, थांब आणि जवळ राहा. दुखत असेल किंवा आधी कधी कुणी जबरदस्ती केलेली असेल तर मात्र हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आधी डॉक्टर किंवा थेरपिस्टशी बोला.

प्रश्न : नवरा हात उगारतो, फोन तपासतो. माझ्या साधनेच्या ग्रुपमध्ये सांगतात की तू क्षमा-ध्यान कर, तुझी कंपनं बदलली की तोही बदलेल. सहा महिने करतेय.

उत्तर : बंद करा ते. आत्ताच्या आत्ता. तुमच्या कंपनांमुळे तो मारत नाहीये, तो मारायचं ठरवतो म्हणून मारतोय, आणि ते थांबवायची जबाबदारी तुमच्या ध्यानावर टाकणाऱ्या लोकांचा मला फार राग येतो. या सदरात मी जवळिकीबद्दल जे जे लिहिते ते तुम्हाला लागू नाही, कारण मन उघडं करायला आधी सुरक्षितता लागते. आज एका विश्वासाच्या माणसाला सगळं सांगा, तो तपासणार नाही अशा फोनवरून महिला हेल्पलाइनला फोन करा, कागदपत्रं आणि थोडे पैसे बाहेर कुणाकडे तरी ठेवा. निघायचं ठरवलंत तर त्याला आधी सांगू नका, तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. श्वासाचा उपयोग एवढ्यासाठी करा की हात थरथरत असताना फोन लावता येईल. क्षमेचं काय ते सुरक्षित जागी पोचल्यावर, कितीही वर्षांनी, आणि वाटलं तरच.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. तुमचं सदर वाचून रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं एकत्र ध्यानाला बसायला लागलो, पण हिला तिसऱ्या मिनिटालाच झोप लागते आणि डोकं माझ्या खांद्यावर येतं. अशा वेळी काय करावं?

उत्तर : झोप हा साधकांचा फार जुना त्रास आहे, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. रात्रीऐवजी सकाळी बसून बघा, पाठ टेकू नका, डोळे पूर्ण मिटण्याऐवजी अर्धे उघडे ठेवून समोर जमिनीवर नजर ठेवा, खोलीत थोडा उजेड असू द्या. एकमेकांच्या समोर बसलात तरी फरक पडतो. आणि एवढं करूनही लागलीच झोप तर हलू नका, तुमचं लक्ष स्वतःच्या श्वासावरून काढून खांद्यावर जो श्वास येतोय त्याच्यावर ठेवा, तो बहुतेक तुमच्यापेक्षा हळू असेल. दहा मिनिटं पूर्ण होऊ द्या, मग त्यांना हळूच उठवा.